शाळेची राखण

(अभ्यासलेख. लेखिका : इयत्ता सातवीतील एक विद्यार्थिनी)



राखण हा शब्द आपल्याला शेतामुळे माहीत आहे. ज्वारी हुरड्यात आली की राखण लागते. माळ्यावर उभे राहून गोफण फिरवावी लागते, नाहीतर पाखरे कणसे मोकळी करून टाकतात. शाळेलाही राखण लागते हे मात्र आम्हाला दिवाळीच्या सुट्टीनंतर कळले. शाळा उघडली तेव्हा कोठीच्या खोलीचे दार सताड उघडे होते. तांदळाची दोन पोती, गॅसची टाकी आणि इन्व्हर्टरची बॅटरी गेली होती. मग गुरुजींनी आमच्या वर्गाला हाच विषय अभ्यासाला दिला. कोणी भिंत मोजली, कोणी नोंदवह्या पाहिल्या. मी पोलीस पाटील, वेल्डिंगवाले काका आणि आमच्या बाई यांना प्रश्न विचारले. त्या सगळ्यांतून हा लेख तयार झाला आहे.

पहिली गोष्ट कुलपाची. आम्हाला वाटले होते की चोराने कुलूप फोडले. पण कुलूप जसेच्या तसे लटकत होते! चोराने कुलपाला हातही लावला नव्हता, कोयंडाच उपटला होता. वेल्डिंगवाल्या काकांनी एक जुने कुलूप कापून आम्हाला आतून दाखवले. कुलपाच्या पोटात पातळ पट्ट्या असतात, त्यांना लिव्हर म्हणतात. किल्लीचे दात प्रत्येक पट्टीला नेमक्या उंचीवर उचलतात, तेव्हाच आतला खटका सरकतो. एखादी पट्टी जरा कमीजास्त उचलली गेली तरी कुलूप उघडत नाही. म्हणून जितक्या पट्ट्या जास्त, तितके कुलूप उघडायला अवघड. आमचे कुलूप चांगले होते. पण ते ज्या कोयंड्यात अडकवले होते, तो दाराला चार बारीक स्क्रूंनी बसवलेला होता आणि स्क्रूंची डोकी बाहेरून दिसत होती. "पोरांनो, यापेक्षा दोरीनं बांधलं असतं तर गाठ सोडायला तरी वेळ लागला असता," असे काका म्हणाले.

आता त्यांनी दाराच्या आरपार जाणारे बोल्ट घातले आहेत. बोल्टचे गुळगुळीत गोल डोके बाहेर आणि नट आतल्या अंगाला. दार बंद असताना पान्हा किंवा पेचकस लावायला जागाच नाही. बिजागऱ्यासुद्धा पाहाव्या लागतात. बिजागरीची खीळ बाहेरच्या बाजूला असेल तर ती ठोकून काढता येते आणि कुलूप लावलेले दार दुसऱ्याच अंगाने उघडते. आमच्या दोन खोल्यांना अशाच बिजागऱ्या निघाल्या. काकांनी खिळीचे टोक वेल्डिंगने पक्के केले. या सगळ्याला नवीन भारी कुलूप आणण्यापेक्षा कमी खर्च आला. पालकहो, आपल्या घरच्या आणि वस्तीवरच्या दारांचे कोयंडेही आज गेल्यावर एकदा पाहा.

दुसरी गोष्ट नंबराची. पंचनाम्याला आलेल्या हवालदारांनी विचारले, "बॅटरीचा नंबर सांगा." जडसंग्रह नोंदवहीत नुसते 'बॅटरी – १' एवढेच लिहिलेले होते. (जडसंग्रह नोंदवही म्हणजे शाळेतल्या टिकाऊ वस्तूंची यादी. मोठी माणसे तिला डेडस्टॉक रजिस्टर म्हणतात.) नंबर नसेल तर उद्या ती बॅटरी एखाद्या दुकानात सापडली तरी ती आमचीच हे दाखवायचे कसे? टी.व्ही.चा नंबर मात्र एका बाईंनी तो आणला त्याच दिवशी वहीत उतरवून ठेवला होता. टी.व्ही. गेला नाही, पण गेला असता तर शोधायला धागा होता. आता प्रत्येक वस्तूवर ऑईलपेंटने शाळेचे नाव घातले आहे, आणि यंत्रांचे नंबर वहीत लिहून त्यांचे फोटोही काढून ठेवले आहेत. बाकांच्या खालच्या बाजूला नाव घालण्याचे काम सहावीच्या मुलांनी केले. अक्षर वाकडे आहे, पण वाचता येते.

पोलीस पाटलांशी मी तासभर बोलले. पूर्वी पाटीलकी घराण्यात चालत असे. आताचे पोलीस पाटील महाराष्ट्र ग्रामपोलीस अधिनियम, १९६७ या कायद्याप्रमाणे नेमले जातात. गावात गुन्हा घडला तर पोलीस ठाण्याला कळवणे आणि पुरावा जागेवर राखणे ही त्यांची कामे. ते म्हणाले, "चोरी दिसली की पयलं काम म्हंजे मागं सरायचं. आत जायाचं न्हाई, झाडायचं न्हाई, काय हलवायचं न्हाई." त्या दिवशी स्वयंपाकाच्या मावशी सवयीने झाडू घेऊन कोठीत निघाल्याच होत्या, पाटलांनी त्यांना उंबऱ्यावर थांबवले. पायाचे ठसे, बोटांचे ठसे, कोयंडा काढायला वापरलेल्या हत्याराची खूण, हे सारे एका झाडूने जाते.

त्यांनी आणखी दोन गोष्टी सांगितल्या, त्या पालकांसाठी लिहिते. तातडीला ११२ हा क्रमांक फिरवायचा. आणि ठाण्यात तक्रार दिली तर प्रथम खबरीची म्हणजे एफ.आय.आर.ची प्रत फुकट मिळते, ती मागून घ्यायची. १ जुलै २०२४ पासून भारतीय नागरिक सुरक्षा संहिता हा नवा कायदा लागू झाला आहे. त्यानुसार दखलपात्र गुन्ह्याची खबर कोणत्याही ठाण्यात देता येते. "आमच्या हद्दीत येत नाही" असे म्हणून परत पाठवता येत नाही. आमची गॅसटाकी, तांदूळ आणि बॅटरी अजून मिळालेली नाही. तपास चालू आहे असे सांगतात.

आता भिंत. मुलांच्या शिक्षणाच्या हक्काचा कायदा २००९ साली झाला आणि १ एप्रिल २०१० पासून लागू झाला. शाळेला भिंत किंवा कुंपण असले पाहिजे हे त्या कायद्याच्या परिशिष्टात लिहिले आहे. आमच्या शाळेला तीन बाजूंनी दगडी भिंत आहे आणि मागे घायपाताचे कुंपण. त्या कुंपणात मोठे भगदाड आहे. ते काही चोराने पाडलेले नाही. एस.टी. थांब्याकडे जायला आमच्या मैदानातून जवळची वाट पडते, म्हणून गावातली शहाणी माणसेसुद्धा त्यातूनच ये-जा करतात. कोणाचे नाव लिहीत नाही, भित्तिपत्रक वाचणाऱ्यांतही काही असतील! संध्याकाळनंतर त्याच वाटेने पत्ते खेळणारे आत येतात. सोमवारी सकाळी व्हरांड्यात पुड्यांचे कागद आणि फुटक्या बाटल्या असतात आणि पहिलीची मुले अनवाणी असतात.

याच ओघात आम्ही एक मोजमाप केले, ते गणिताच्या तासालाही उपयोगी पडले. शाळेपासून १०० यार्डांच्या आत तंबाखूचे पदार्थ विकायला २००३ च्या कायद्याने बंदी आहे. १०० यार्ड म्हणजे सुमारे ९१ मीटर. टेप धरून मोजले तर जवळची टपरी ६४ मीटरवर भरली. टपरीवाले काका आधी हसले, मग टेपकडे पाहू लागले. त्यांनी पुढे टांगलेल्या माळा काढल्या आहेत. आत काय आहे ते आम्ही पाहिले नाही. गुटखा तर महाराष्ट्रात २०१२ सालीच बंद झाला आहे.

वस्तूंबद्दल इतके पुरे. तांदूळ पुन्हा येईल. आता शाळेतल्या मुलांच्या राखणीबद्दल लिहिते.

पालकांच्या सभेत प्रश्न निघाला की शाळा भरल्यावर फाटकाला कुलूप लावावे का. बरेच पालक म्हणाले, लावा. मलाही ते बरोबर वाटले असते, पण बाईंनी कुंभकोणमची हकीकत सांगितली. कुंभकोणम हे तमिळनाडूतले गाव. तिथल्या एका शाळेत १६ जुलै २००४ रोजी स्वयंपाकाच्या जागेतून आग लागली, गवती छपराने पेट घेतला. बाहेर पडायला एक अरुंद जिना होता. ९४ मुले गेली. पुढे २००९ साली सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की सुरक्षित शाळा हा शिक्षणाच्या हक्काचाच भाग आहे. तेव्हा चोराला आत येऊ न देणारे कुलूप मुलांना आत कोंडणारे नसावे. आमच्या शाळेत असे ठरले की फाटकाला आतून कडी घालायची, कुलूप लावायचे नाही, आणि कडी पाचवीच्या मुलाच्या हाताला येईल एवढ्या उंचीवर ठेवायची. येणाऱ्याने कार्यालयात जाऊन वहीत नाव, काम आणि वेळ लिहायची. मैदानात हिंडायचे नाही, वर्गाच्या दारात उभे राहायचे नाही.

दुसरी वही आहे ती मुलांना नेणाऱ्यांची. प्रत्येक मुलापुढे तीन नावे आणि फोन नंबर लिहायचे. शाळा सुटण्याआधी मुलाला न्यायचे तर त्या तिघांपैकीच कोणीतरी आले पाहिजे. ऐकायला सोपे वाटते. पण ही वही सुरू झाल्यावर पंधराच दिवसांत एक प्रसंग घडला, तो सविस्तर लिहिते, कारण त्यावरून गावात पुष्कळ बोलणे झाले.

तिसरीतल्या एका मुलीचा मामा दुपारी मोटारसायकल घेऊन आला. त्यांच्या गावची जत्रा होती, भाचीला न्यायचे होते. बाईंनी वही पाहिली. मामाचे नाव नव्हते.

मामा म्हणाले, "अहो बाई, मी सख्खा मामा हाय. मला वळखत न्हाई व्हय? मागल्या गॅदरिंगला पुढच्या रांगेत बसलो हुतो."

बाई म्हणाल्या, "ओळखते ना दादा. पण वहीत नाव नाही. तुम्ही बसा, पाणी घ्या, मी ताईंना फोन लावते."

ताई भांगलायला रानात गेल्या होत्या, फोन घरी. मामा चाळीस मिनिटे बाकावर बसले. मुलगी खिडकीतून मामाला पाहून रडायला लागली. "मी काय चोर हाय का?" असे मामा तीनदा म्हणाले. शेवटी ताईंचा फोन आला, बाईंनी त्यांच्याशी बोलून वहीत नोंद केली आणि भाचीला मामाच्या हाती दिले. पण संध्याकाळी पारावर बोलणे सुरू झाले की बाईंनी मामाला चोर ठरवले. आमच्या घरीसुद्धा आजी म्हणाली, "पाव्हण्याला असं बसवून ठेवत्यात का?"

मी बाईंना विचारले की तुम्ही ओळखत होता तर सोडले का नाही. त्यांनी मलाच उलट विचारले, "ओळखीच्याला सोडायचं ठरलं तर अडवायचं कुणाला?" अनोळखी माणूस एकटाच अडकेल. आणि ज्याला मूल पळवायचे आहे तो 'मी अनोळखी आहे' असे सांगत येत नाही. तो मामा म्हणूनच येतो, चुलता म्हणून येतो, 'तुझ्या आईला दवाखान्यात नेलंय, चल लवकर' म्हणून येतो. शिवाय राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या अहवालांत वर्षानुवर्षे हेच दिसते की मुलांशी अत्यंत वाईट वागणाऱ्या गुन्हेगारांत बहुतेक जण मुलांच्या ओळखीचेच असतात. शेजारी, नात्यातले, रोजच्या येण्याजाण्यातले. म्हणून ओळखीच्या माणसालाही विचारलेच पाहिजे. आणि सगळ्यांनाच विचारले तर त्यात कोणाचा अपमान नाही. मला स्वतःला हे पटले आहे. एस.टी.त कंडक्टर ओळखीच्याकडेही तिकीट मागतो, तेव्हा कोणी रुसत नाही. त्या मुलीच्या आईने दुसऱ्याच दिवशी येऊन वहीत मामाचे नाव लिहिले. मामा मात्र अजून रागावलेले आहेत असे ऐकते.

२०२४ च्या ऑगस्ट महिन्यात ठाणे जिल्ह्यातल्या बदलापूर येथे एका शाळेत अगदी लहान मुलींशी फार वाईट गुन्हा घडला. तिथे भिंत होती, फाटक होते, पण ज्याच्यावर गुन्हा नोंदवला गेला तो शाळेत कामाला असलेलाच माणूस होता. २० ऑगस्टला हजारो लोक रेल्वेच्या रुळांवर उतरले. दुसऱ्या दिवशी महाराष्ट्र शासनाने सर्व शाळांसाठी आदेश काढला. शाळेत कामाला येणाऱ्या प्रत्येकाची पोलिसांकडून आधी चौकशी करून घ्यावी. तक्रारपेटी लावावी. खाजगी शाळांनी महिन्याभरात कॅमेरे बसवावेत आणि त्यातले चित्रण मुख्याध्यापकांनी आठवड्यातून निदान तीन वेळा पाहावे. काही घडले तर २४ तासांत शिक्षणाधिकाऱ्यांना कळवावे.

कॅमेऱ्याबद्दल माझे मत थोडे वेगळे आहे. कॅमेरा असावा, पण तो पाहतो, धावत येत नाही. आमच्याकडे दुपारची वीज जाते तेव्हा तो पाहतही नाही. दोन मोठ्या माणसांनी मधल्या सुट्टीत मैदानात आणि स्वच्छतागृहाच्या बाजूला फेरी मारणे मला जास्त खात्रीचे वाटते, आणि त्याला पैसेही पडत नाहीत.

तक्रारपेटीची आमच्याकडे गंमत झाली. पेटी आधी कार्यालयात मुख्याध्यापकांच्या टेबलाशेजारी लावली होती. दोन महिन्यांत एकही चिठ्ठी पडली नाही. सगळ्यांसमोर चिठ्ठी टाकणार कोण? मग पेटी पाण्याच्या टाकीजवळच्या भिंतीला लावली. तिथे सगळेच जातात, त्यामुळे कोण कशाला थांबले ते कळत नाही. त्यानंतर चिठ्ठ्या येऊ लागल्या. बऱ्याचशा 'अमका माझी पेन्सिल घेतो' अशा असतात, पण त्याही वाचल्या जातात. किल्ली एकट्याकडे ठेवलेली नाही. शासनाने २०२२ साली शाळाशाळांत सखी सावित्री समिती करायला सांगितली आहे. आमच्या समितीत बाई, अंगणवाडी ताई, दोन माता पालक आणि आम्ही काही विद्यार्थी आहोत. पेटी शनिवारी समितीसमोर उघडतात. चिठ्ठीवर नाव लिहिलेच पाहिजे असे नाही. चिठ्ठी गुरुजींविरुद्ध असली तरी चालते, कारण शाळेत मुलांना मारणे किंवा घालूनपाडून बोलणे हेही शिक्षण हक्क कायद्याच्या कलम १७ प्रमाणे बंद आहे. (हा लेख तपासताना गुरुजींनी हे वाक्य खोडलेले नाही.)

लहान मित्रांनो, बाईंनी पहिली-दुसरीला सांगितलेले इथे लिहिते. आपले अंग आपले आहे. कोणी नको तिथे हात लावला, किंवा तसे करायला सांगितले, तर मोठ्याने 'नाही' म्हणायचे आणि तिथून पळायचे. मग विश्वासाच्या मोठ्या माणसाला सांगायचे. एकाने ऐकले नाही तर दुसऱ्याला सांगायचे. 'हे कुणाला सांगू नकोस' असे जे कोणी म्हणेल, ते तर आधी सांगायचे. खाऊ दिला म्हणून गप्प बसायचे नाही. यात मुलाची चूक कधीच नसते. घरात सांगणे जमले नाही तर कोणत्याही फोनवरून १०९८ लावायचा. पैसे पडत नाहीत, रात्रीही चालतो. मुलांच्या मदतीसाठी हा फोन १९९६ साली मुंबईत सुरू झाला. दहा, नऊ, आठ असे उलटे मोजले की नंबर पाठ.

पालकहो, तुमच्यासाठी थोडे कायद्याचे. अशा गुन्ह्यांसाठी २०१२ चा पोक्सो कायदा आहे. १४ नोव्हेंबर २०१२ या बालदिनी तो लागू झाला. अठरा वर्षांखालच्या मुलीला जसा तो आहे तसाच मुलालाही. मला या कायद्यातली एक गोष्ट फार महत्त्वाची वाटते. गुन्हा कळल्यावर तो पोलिसांना कळवणे हे ज्याला कळले त्याचे कर्तव्य आहे. 'शाळेचे नाव जाईल' म्हणून प्रमुखाने दडवले तर त्याला एक वर्षापर्यंत कैद होऊ शकते. मूल स्वतः गप्प राहिले तर त्याला मात्र शिक्षा नाही.

आमच्या गावात कोणी बोलत नाही याचे कारण चोराची भीती हे नाही, 'नाव होईल' ही भीती आहे. म्हणून हेही वाचा. मुलाचा जबाब घेताना पोलिसांनी गणवेश घालायचा नसतो. जबाब घरी किंवा मूल म्हणेल त्या जागी घ्यायचा, शक्यतो महिला अधिकाऱ्याने. मुलाला रात्री ठाण्यात ठेवता येत नाही. मुलाचे नाव, फोटो, घर, शाळा यांतले काहीही वर्तमानपत्रात छापता येत नाही. माझ्या आईला मी हे वाचून दाखवले तेव्हा ती म्हणाली, "हे आम्हाला कुणी सांगितलंच नव्हतं." म्हणून बाईंना विचारून हा भाग लेखात वाढवला.

राहिलेली कामे अशी आहेत. मागच्या भगदाडासाठी शाळा व्यवस्थापन समितीने ग्रामपंचायतीला अर्ज दिला आहे. या समितीत तीन चतुर्थांश सभासद पालकच असतात, त्यामुळे पाठपुरावा करणे तुमच्याही हातात आहे. तोपर्यंत तिथे काटेरी फांद्या लावल्या आहेत. सुट्टीत रात्री एक दिवा चालू ठेवायचा आणि शेजारच्या दोन घरांनी लक्ष ठेवायचे असे ठरले आहे, त्या दोन्ही घरांनी होकार दिला. कोठीची दुसरी किल्ली कोणाकडे ठेवायची यावर अजून एकमत नाही.

नेणाऱ्यांच्या वहीत ८६ मुलांपैकी १९ मुलांपुढची जागा कोरी आहे. वही याच भित्तिपत्रकाखालच्या टेबलावर ठेवली आहे, पेन दोरीने बांधलेले आहे. लिहिता येत नसेल तर पाचवीची दोन मुले शेजारी उभी आहेत, ती लिहून देतील. मामांची नावे विसरू नका.